इंटेलच्या हिशेबवहीतला मोबाइल

जून २००६ मध्ये इंटेलनं आपला एक्सस्केल प्रोसेसरचा धंदा मार्वेल या कंपनीला ६० कोटी डॉलरला विकला. बातमी आली आणि विरून गेली. एक्सस्केल ही खिशात मावणाऱ्या, इंटरनेटला जोडता येणाऱ्या यंत्रांसाठीची इंटेलची चिप. पाम ट्रिओ ६५० मध्ये ती होती, ब्लॅकबेरी ८७०० मध्ये तिचीच एक आवृत्ती होती, एचपीच्या आयपॅकमध्येही होती. हातातल्या इंटरनेटचा बाजार उगवत होता तेव्हा इंटेल त्या बाजारात गाळा मांडून बसलेली होती. गाळा मोडला तो तिनं स्वतःहून. त्यानंतर सात महिन्यांनी, जानेवारी २००७ मध्ये, स्टीव्ह जॉब्सनं आयफोन दाखवला.

इंटेलला मोबाइल दिसलाच नाही, मोठी कंपनी आंधळी झाली होती, ही गोष्ट आता इतकी रुळली आहे की व्यवस्थापनाच्या वर्गात ती पाठांतरासारखी सांगितली जाते. मला ती पटत नाही. इंटेलला मोबाइल दिसला होता, तिनं त्यात पैसे घातले होते, आणि तिच्या स्वतःच्या हिशेबानुसार त्यातून बाहेर पडणं शहाणपणाचं होतं. तो हिशेब कुठून आला हे पाहिलं पाहिजे, कारण आज अमेरिकेपासून भारतापर्यंतची सरकारं चिपच्या कारखान्यांवर जो पैसा ओतत आहेत, तो ओततानाही याच हिशेबाकडे काणाडोळा होतो आहे.

त्यासाठी १९८५ मध्ये जावं लागतं. इंटेल तेव्हा प्रामुख्यानं मेमरी चिप बनवणारी कंपनी म्हणून ओळखली जायची. जपानी कंपन्यांनी त्या बाजारात इतकी स्वस्त आणि इतकी निर्दोष मेमरी आणली की इंटेलचा श्वास कोंडला. कंपनीचा अध्यक्ष अँडी ग्रोव्हनं तिचा प्रमुख गॉर्डन मूरला विचारलं, की संचालक मंडळानं आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाला, मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असं म्हणून दोघांनी तो निर्णय घेतला. ही हकिगत सगळ्यांना माहीत असते. तिच्या मागची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. हे दोघे त्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याआधीच इंटेलच्या कारखान्यांनी उत्तर अर्धंअधिक देऊन टाकलं होतं.

चिप तयार होते ती सिलिकॉनच्या गोल चकतीवर, वेफरवर. कारखान्यातून महिन्याला ठरावीक वेफर निघतात, मग कोणत्या मालाला किती वेफर द्यायचे हे ठरवावं लागतं. इंटेलमध्ये त्यासाठी साधा नियम होता: ज्या मालातून दर वेफरमागे जास्त नफा, त्याला जास्त वेफर. मेमरीचे भाव कोसळत होते आणि पीसीसाठीच्या मायक्रोप्रोसेसरला चांगला भाव येत होता. मधल्या फळीतली माणसं महिन्यामागून महिना हा नियम लावत राहिली आणि कारखाने हळूहळू मायक्रोप्रोसेसरकडे वळत गेले. वरच्या मजल्यावर निर्णय झाला तेव्हा खाली धंदा बराचसा बदललेला होता. पुढची वीस वर्षं या नियमानं इंटेलला जगातली सर्वांत श्रीमंत चिप कंपनी बनवलं.

२००६ मध्ये हाच नियम फोनच्या चिपला लावा. लॅपटॉपचा प्रोसेसर शंभर-दोनशे डॉलरला जायचा, सर्व्हरचा त्याच्या कितीतरी पट. चांगल्या वर्षांत शंभराच्या विक्रीत साठाच्या आसपास ढोबळ नफा. फोनची चिप होती दहा-वीस डॉलरच्या घरातली. येवल्यात पैठणी लावलेल्या मागावर कुणी चादरी विणायला सांगितल्या, तर विणकर जे तोंड करेल तेच इंटेलच्या कारखानाप्रमुखांनी केलं असणार. मागही तोच, दिवसही तेवढेच, आणि हातात येणार काय? त्यात एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरनं सर्व्हरच्या बाजारात इंटेलला घाम फोडलेला होता आणि त्याच वर्षी सुमारे साडेदहा हजार माणसांची कपात जाहीर झाली. अशा घरात एक्सस्केल विकणं हा वेडेपणा कुणाला वाटला असता?

आपल्याकडे म्हण आहे, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. इंटेलनं ती तंतोतंत पाळली.

आयफोनचा किस्सा याच चौकटीत बसतो. जानेवारी २००६ मध्ये इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी कारखान्यातला पांढरा संरक्षक पोशाख घालून, हातात वेफर घेऊन जॉब्सच्या व्यासपीठावर आले होते. अ‍ॅपलचे मॅक तेव्हा इंटेलवर येत होते, दोन्ही कंपन्यांचं चांगलं सूत जुळलं होतं. अ‍ॅपलनं नव्या फोनच्या चिपसाठी इंटेलला विचारलं. देऊ केलेली किंमत इंटेलच्या अंदाजित उत्पादनखर्चापेक्षा कमी होती, म्हणून इंटेलनं नकार दिला. २०१३ मध्ये पद सोडताना ओटेलिनींनीच एका मुलाखतीत हे सांगितलं. खर्चाचा अंदाज चुकला होता आणि फोन सगळ्यांच्या कल्पनेच्या शंभरपट खपला, असं ते म्हणाले. आकड्यांऐवजी मनाचा कौल मानायला हवा होता, असंही म्हणाले.

त्यांच्या या खंतीबद्दल आदर ठेवूनही मला वाटतं, एका माणसाच्या मनाच्या कौलानं फार काही बदललं नसतं. २००८ मध्ये अ‍ॅपलनं पीए सेमी ही छोटी कंपनी विकत घेतली आणि २०१० पासून स्वतःच्या आराखड्याच्या चिप आयफोनमध्ये घालायला सुरुवात केली. पीए सेमीचा संस्थापक डॅन डॉबरपूल. डीईसी कंपनीत स्ट्राँगआर्म हा प्रोसेसर त्याच्या नेतृत्वाखाली घडला होता, आणि स्ट्राँगआर्म नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका खटल्याच्या तडजोडीतून इंटेलकडे आला होता. त्याचाच पुढचा अवतार एक्सस्केल! माणसं आणि विद्या अशी फिरून अ‍ॅपलच्या दारात गेली. ओटेलिनींनी होकार दिला असता तरी दोन-तीन वर्षांत अ‍ॅपल आपला आराखडा घेऊन येणारच होतं आणि म्हणणार होतं, आता हा तुमच्या कारखान्यात बनवून द्या. दुसऱ्याचा माल बनवून देणं इंटेलच्या स्वभावातच नव्हतं. खरी कसोटी तिथे लागली असती.

आता समोरची बाजू. गंमत म्हणजे तिची सुरुवातही १९८५ मधलीच. केंब्रिजच्या एकॉर्न या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आर्म नावाचा एक छोटा प्रोसेसर बनवला. महागडं सिरॅमिकचं आवरण परवडत नव्हतं. चिप प्लास्टिकच्या आवरणात बसावी म्हणून तिला फार तापू द्यायचं नव्हतं. पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये हातात आली, जोडली, चालू झाली, आणि वीज किती खाते हे पाहायला मीटर लावला तर काटा शून्यावर. वीजपुरवठ्याची जोडणीच झालेली नव्हती. इतर तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती बापडी चालत होती. काटकसर तिच्या रक्तात आली ती अशी, एकॉर्नच्या तुटपुंज्या बजेटमुळे. तेव्हा मोबाइलचा विचारही कुणाच्या मनात नव्हता.

१९९० मध्ये एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय ही चिप बनवणारी कंपनी यांनी मिळून आर्म ही स्वतंत्र कंपनी काढली. बारा इंजिनिअर, कारखाना एकही नाही. आर्म फक्त आराखडा विकायची: परवान्याचे पैसे आधी, आणि मग दर चिपमागे थोडीशी रॉयल्टी. २०१२ मध्ये, म्हणजे स्मार्टफोनचा पूर आलेला असताना, आर्मचा महसूल इंटेलच्या महसुलाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होता. इंटेलला हरवलं ते या कंपनीनं, असं म्हणणं म्हणूनच मला अपुरं वाटतं. आर्मचा आराखडा घेऊन क्वालकॉम, मीडियाटेक, सॅमसंग, अ‍ॅपल अशा डझनावारी कंपन्या एकमेकींशी लढत होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींचा माल दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीमध्ये बनत होता. एक कंपनी समोर असेल तर तिच्याशी भाव पाडून लढता येतं, तिचे ग्राहक तोडता येतात. एएमडीशी इंटेल तेच करत आली होती. इथे वार करायचा कुणावर? एक मागे पडली की दुसरी तिची जागा घ्यायची, आणि टीएसएमसीच्या वेफरची मागणी काही कमी व्हायची नाही.

इंटेल परत आली हे विसरून चालणार नाही. २००८ मध्ये अ‍ॅटम हा लहान यंत्रांसाठीचा प्रोसेसर आला. हातात धरायच्या इंटरनेट यंत्रांचा एक वेगळाच वर्ग तयार होईल, अशी इंटेलची अटकळ होती; लॅपटॉपहून लहान, फोनहून मोठी अशी ती यंत्रं आली आणि दुकानातल्या कपाटातच राहिली. २०१० मध्ये नोकियाबरोबर मीगो ही फोन चालवणारी प्रणाली जाहीर झाली, आणि वर्षभरात नोकियानं मायक्रोसॉफ्टचा हात धरला. अखेर इंटेलच्या चिपवर चालणारा पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला तो एप्रिल २०१२ मध्ये, आणि तो कॅलिफोर्नियात किंवा लंडनमध्ये न येता भारतात आला: लाव्हा कंपनीचा झोलो एक्स९००, किंमत सुमारे २२ हजार रुपये.

झोलोची जाहिरात आठवणाऱ्यांना आठवेल, पण तो फोन हातात घेतलेला माणूस सापडणं कठीण. फोन वाईट नव्हता. एक्स८६ या इंटेलच्या पीसी प्रोसेसरांच्या घराण्याची चिप मुळातच खादाड, तिला फोन झेपणारच नाही, हा समज त्यानं खोटा पाडला. वेग आणि बॅटरी दोन्हींत तो बरोबरीच्या फोनांच्या पंगतीत बसत होता. अडचणी दुसऱ्याच होत्या. पीसीवर इंटेलची तटबंदी होती विंडोजची, वीस वर्षांत एक्स८६साठी लिहिल्या गेलेल्या सॉफ्टवेअरची. फोनवर ती तटबंदी उलट्या बाजूला होती. कित्येक गेम आर्मसाठी लिहिलेले, ते झोलोवर चालवायला आतल्या आत भाषांतर करणारा वेगळा थर घालावा लागला. दुसरी अडचण मोडेमची, म्हणजे फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपची. क्वालकॉम प्रोसेसर आणि ४जी मोडेम एकाच चिपवर देऊ लागली होती. इंटेलनं इन्फिनिऑनचा मोडेमचा धंदा १४० कोटी डॉलरला घेतला खरा, पण दोन्ही एका चिपवर आणायला तिला फार वेळ लागला. आणि त्या मोडेमचं उत्पादन होत होतं टीएसएमसीत! जगातले सर्वांत पुढारलेले कारखाने ज्या कंपनीकडे, तिच्याच मोबाइलचा अर्धा भाग प्रतिस्पर्ध्यांच्या कारखान्यातून यायचा.

भारताच्या बाजारात तर तिसरीच गोष्ट चालू होती. मायक्रोमॅक्स, कार्बन, खुद्द लाव्हा, यांचे पाच-सात हजारांचे फोन मीडियाटेकच्या चिपवर धावत होते. मीडियाटेक नुसती चिप देत नव्हती. सर्किटचा आराखडा, सॉफ्टवेअर, सगळं शिजवून ताटात वाढत होती. फोन बनवणाऱ्यानं वर आपलं नाव छापायचं. नाशिक-सोलापूरच्या मोबाइल दुकानांत २०१३-१४ मध्ये जे ढीगभर ब्रँड दिसायचे ते यामुळेच. ६० टक्के नफ्याची सवय झालेली कंपनी हे काम कुठल्या तोंडानं करणार?

मग इंटेलनं पैशांच्या जोरावर आत शिरायचा प्रयत्न केला. २०१४ मध्ये टॅबलेट बनवणाऱ्यांना आमची चिप वापरा, वाढीव खर्च आम्ही भरून देतो, असं सांगितलं. चार कोटी टॅबलेटचं उद्दिष्ट होतं, ते ओलांडलंही. पण मोबाइल विभागाचा तोटा २०१३ मध्ये सुमारे ३१० कोटी डॉलर आणि २०१४ मध्ये ४२० कोटी डॉलर. पैसे देऊन बसवलेले ग्राहक पैसे थांबताच उठून गेले. एप्रिल २०१६ मध्ये बारा हजार माणसांच्या कपातीबरोबर फोनसाठीच्या पुढच्या चिपही गुंडाळल्या गेल्या.

इथवरच्या गोष्टीत इंटेलचा एक बाजार हुकला, एवढंच. तिचा मूळ पीसी-सर्व्हरचा धंदा तेव्हाही धो धो पैसा देत होता. खरा फटका बसला तो पुढे आणि दुसऱ्याच ठिकाणी.

चिपचा कारखाना शिकतो तो माल काढून काढून. वेफरमागे किती चिप नीट निघतात, कुठे दोष येतो, कुठली पायरी बदलायची, हे लाखो वेफर हाताखालून गेल्याशिवाय कळत नाही. आणि पुढच्या पिढीच्या यंत्रसामग्रीचे अब्जावधी डॉलर याच मालातून वसूल व्हावे लागतात. २०११ च्या सुमारास जगात वर्षाला ३५ कोटींच्या आसपास पीसी विकले जात होते. तो आकडा तिथेच अडला आणि उतरू लागला. २०१३ मध्ये स्मार्टफोनची विक्री वर्षाला १०० कोटींच्या पुढे गेली. ते वेफर टीएसएमसी आणि सॅमसंगकडे गेले. दर सप्टेंबरात नवा आयफोन येणार म्हणजे येणार. कारखान्याला दरवर्षी त्या तारखेला तयार राहावंच लागे. २०१८ मध्ये टीएसएमसीनं ७ नॅनोमीटरची चिप (नॅनोमीटरचा आकडा जितका लहान तितकी प्रक्रिया पुढची) आयफोनमध्ये दिली तेव्हा इंटेलची १० नॅनोमीटरची प्रक्रिया, जी २०१६ च्या आसपास यायची होती, अजून रखडलेलीच होती. १० नॅनोमीटर रखडण्याला तांत्रिक कारणं होती, एकाच टप्प्यात फार मोठी उडी घेतली हे इंटेलनंही मान्य केलं आहे. पण अशा उडीत पडल्यावर उठून उभं करणारा मोठा गिऱ्हाईक मागे असणं आणि नसणं, यात फरक पडतोच.

मग त्याच ७ नॅनोमीटरवर २०१९ मध्ये एएमडीनं आपले प्रोसेसर बनवून घेतले आणि सर्व्हरच्या बाजारात मुसंडी मारली. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलनं मॅकमधून इंटेलला निरोप द्यायला सुरुवात केली. मॅकमधली नवी एम१ चिप ही आयफोनच्या चिपचीच मोठी बहीण. एआयच्या लाटेत ज्या चिपसाठी जग रांगा लावतं आहे, त्या एन्व्हिडियाच्या चिपही टीएसएमसीतच तयार होतात. दहा-वीस डॉलरच्या ज्या चिपसाठी इंटेलला आपले वेफर खर्च करावेसे वाटले नाहीत, त्या चिपनी तैवानमधल्या कारखान्यांचं शिक्षण केलं आणि ते कारखाने इंटेलच्या घरच्या अंगणात येऊन उभे राहिले. दर वेफरमागचा नफा मोजणाऱ्या वहीत हा खर्च कुठल्याच रकान्यात दिसत नव्हता.

एन्व्हिडियाचं नाव आलंच आहे तर एक लक्षात घ्यावं. फोनच्या बाजारात इंटेल एकटीच हरली नाही. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स २०१२ मध्ये स्मार्टफोनच्या प्रोसेसरमधून बाहेर पडली, ब्रॉडकॉमनं २०१४ मध्ये फोनच्या मोडेमचा धंदा आवरता घेतला, त्याच सुमारास एन्व्हिडियानंही फोनचा नाद सोडला. एन्व्हिडियाचं काहीच बिघडलं नाही. तिच्याकडे अत्याधुनिक कारखाना नव्हता, त्यामुळे तो भरता ठेवायची काळजीही नव्हती. इंटेलच्या डोक्यावर मात्र ती होती. सर्वांत पुढचा कारखाना बाळगायचा असेल तर सर्वांत मोठ्या बाजारापासून दूर राहण्याची चैन परवडत नाही, हे तिला फार उशिरा उमगलं. जुलै २०२५ मध्ये इंटेलनं स्वतःच जाहीर केलं, की बाहेरचा मोठा ग्राहक मिळाला नाही तर १४ए ही पुढची प्रक्रिया थांबवावी लागू शकते. पुढच्याच महिन्यात अमेरिकी सरकारनं अनुदानाच्या बदल्यात इंटेलचा जवळपास दहा टक्के हिस्सा घेतला. ८९० कोटी डॉलर. पैशांची सोय झाली. ग्राहक मात्र सरकारी आदेशानं आणता येत नाही.

आता आपल्याकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला आणि महाराष्ट्रात महिनाभर रान उठलं. कुणी काय सवलत दिली, कुणाच्या काळात बोलणी झाली, कुणी दिल्लीपुढे मान तुकवली. त्या सगळ्या गदारोळात, या कारखान्यातल्या चिप कोण विकत घेणार, हा प्रश्न मला तरी ठळकपणे कुठे ऐकू आला नाही. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननं अंग काढून घेतलं आणि तो प्रकल्प त्या रूपात संपला. जो हातून गेला म्हणून आपण छाती पिटली, तो कुणाच्याच हाती लागला नाही.

टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांचा गुजरातमधल्या धोलेऱ्याचा ९१ हजार कोटींचा कारखाना त्या मानानं विचारानं आखलेला वाटतो. २८ ते ११० नॅनोमीटरच्या जुन्या, मुरलेल्या प्रक्रिया, तंत्रज्ञान देणारा भागीदार ठरलेला, गाड्यांपासून वीजनियंत्रणापर्यंतचा माल. महिन्याला ५० हजार वेफरची क्षमता. प्रकल्पखर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलणार, वर राज्याच्या सवलती. म्हणजे पैसा मुख्यतः तुमचा-आमचा. मग हे ५० हजार वेफर दर महिन्याला भरणार कोण, हे विचारायचा अधिकारही आपलाच.

एक उत्तर आपल्या घराच्या भिंतीवर आहे. देशभर २५ कोटी स्मार्ट वीजमीटर बसवण्याचं उद्दिष्ट केंद्रानं ठेवलेलं आहे. महावितरणच्या मीटरांवरून आपल्याकडे आंदोलनंही झाली. त्या वादातली वीजबिलाची बाजू वेगळी, पण अशा प्रत्येक मीटरमध्ये मोजणारी आणि संदेश पाठवणारी चिप असते, आणि ती धोलेऱ्यात निघू शकेल अशाच जुन्या प्रक्रियांवर तयार होते. बँकेची कार्डं, सिमकार्डं, रेशन दुकानातली अंगठा घेणारी यंत्रं, सगळ्यांची गोष्ट तीच. सरकार हे सगळं कोट्यवधींच्या संख्येनं स्वतः घेतं किंवा घ्यायला लावतं. कारखान्याला अनुदान देणारं खातं एकीकडे, मीटरच्या निविदा काढणारं दुसरीकडे. या दोघांची गाठ घालून द्यावी, असं माझं म्हणणं आहे.

देशी चिपची सक्ती केली की माल महागतो आणि कारखाना आळशी होतो, हा आक्षेप खरा आहे. लायसन्स-परमिटच्या काळात आपण ते पाहून बसलो आहोत. म्हणून अट मर्यादित हवी: निविदेतल्या चिपचा ठरावीक हिस्सा, पाच वर्षांपुरता, आणि आयात चिपच्या भावापेक्षा अमुक टक्क्यांहून जास्त मोजायचे नाहीत असं आधीच लिहिलेलं. त्या भावात जमलं नाही तर ऑर्डर गेली. अनुदानाचा पुढचा हप्ताही बांधकाम किती झालं यावर न देता, बाहेरच्या ग्राहकांनी पैसे मोजून किती वेफर उचलले यावर द्यावा. तळेगावला उद्या असा एखादा कारखाना आणायचा कुणी विचार करत असेल, तर जमीन, पाणी आणि विजेच्या दराआधी त्याच्याकडे ग्राहकांची यादी मागावी.